सीटखालचा छोटा सबवूफर: खानापूर-बेळगाव रोडवर आठ महिने वापरून

आमची गाडी २०१६ची स्विफ्ट डिझेल, केए-२२ पासिंग, रोजचं खानापूर ते बेळगाव जाणं-येणं, एका बाजूनं साधारण २६ किलोमीटर. आठवड्यातनं दोन-तीन दिवस बाबा बरोबर असतात आणि बाबा असले की गाडीत अभंगच लागतात, दुसरं काय लावू देत नाहीत. बाबांनी ४० वर्षं गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवलाय. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये गणेबैलच्या टोल नाक्यावर लाईनीत थांबलेलो, चांगलं रेकॉर्डिंग चाललेलं, तर बाबा म्हणाले, "तुझ्या गाडीत पखवाज अर्धाच वाजतोय बघ. शाईची बाजू ऐकू येते, धुमा कुठं गेला?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात, त्या बाजूला धुमा म्हणतात, तो घुमणारा खालचा आवाज तिथनं येतो. उजवीकडं शाई, तिचा आवाज वरचा आणि टणक. बाबा बोलले ते शंभर टक्के खरं होतं. मी पण कान देऊन ऐकलं तर नुस्ता टकटक आवाज, खालचं अंग गायबच. त्या दिवसापास्नं डोक्यात बसलं की हे नीट करायचंच.

आधी वाटलं स्पीकर जुने झाले असतील, बदलून टाकू. पण खरं कारण वेगळं आहे. दारातला स्पीकर साडेसहा इंची, आणि गाडीचं दार म्हणजे काय स्पीकरची पेटी न्हवे, पातळ पत्रा, त्यात सगळीकडं भोकं, आतनं काच वर-खाली करायची यंत्रणा. स्पीकरचा पडदा पुढं आला की पुढं दाब तयार होतो आणि त्याच वेळी मागं उलटा, आणि खालच्या सुरांत हे दोन्ही भोकांतनं एकमेकाला भेटून खाऊन टाकतात. म्हणून बेस वाढवला की दार थरथरतं पण सूर येत नाही. साधा हिशोब बघा, तानपुरा काळी एकला (हार्मोनियमच्या पहिल्या काळी पट्टीला) लावला तर त्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सा, सुमारे ६९ हर्ट्झला (सेकंदाला ६९ कंपनं) येतो. माझ्या गाडीत तिथं आवाज जवळजवळ नव्हताच. म्हणजे गायक ज्या जमिनीवर उभा राहून गातो ती जमीनच आम्ही इतकी वर्षं ऐकत नव्हतो. बेळगाव सोडून थोडं पुढं गेलं की सुळेभावी, कुमार गंधर्वांचा जन्म तिथला, १९२४चा, आणि आपण ह्या भागातली माणसं गाणं असं अर्धं ऐकायचं हे मला खरंच बरं वाटेना.

मग सबवूफर, म्हणजे फक्त खालच्या सुरांसाठीचा वेगळा स्पीकर. दोस्त लोकांनी लगेच सांगितलं डिकीत बारा इंची पेटी टाक, वेगळा अँप (अँप्लिफायर) टाक, शिवजयंतीच्या मिरवणुकीसारखं वाजेल. मला ते नको होतं. एक तर ह्या स्विफ्टची डिकी २०४ लिटरची, त्यात पखवाज, टाळांची पिशवी, कधी तांदळाचं पोतं, पेटी टाकली की संपलंच. आणि दुसरं म्हणजे मला धडधड नको होती, खालचा सूर पाहिजे होता. सीटखाली बसणारा चपटा सबवूफर येतो, त्यातच आत अँप बसवलेला असतो, त्याला पॉवर्ड किंवा अ‍ॅक्टिव्ह सबवूफर म्हणतात, पायोनियर, केनवूड, जेबीएल सगळ्यांचे ह्या प्रकारात मॉडेल आहेत. मी घेतलेला आठ इंची आहे, अ‍ॅल्युमिनियमची बॉडी, उंची सात सेंमी. कुठल्या कंपनीचा ते मुद्दाम लिहीत नाही कारण मला सांगायचंय ते कंपनीपेक्षा बसवण्याबद्दल जास्त आहे. एकच सांगतो, डब्यावर छापलेला मोठा वॅटचा आकडा बघून घेऊ नका, तो पीकचा, म्हणजे क्षणभराचा असतो, आरएमएस, म्हणजे सतत देऊ शकतो ती ताकद, किती ते बघा. माझ्यात आरएमएस १०० वॅट आहे आणि गाडीच्या आतल्या एवढ्याशा जागेला ते भरपूर होतं.

घ्यायच्या आधी एक काम मी बरोबर केलं ते म्हणजे सीटखालची जागा मोजली. पण रिकाम्या सीटखाली मोजून उपयोग नाही, वर माणूस बसला की स्प्रिंगा खाली येतात. माझा मावसभाऊ ९० किलोचा, त्याला बसवून, सीट पूर्ण पुढं, पूर्ण मागं करून दोन्ही वेळी पट्टी घातली. सगळ्यात कमी साडेआठ सेंमी भरलं. सात सेंमीचा डबा, वर दीड सेंमी मोकळं, चालतंय. आणि सीटखाली पिवळ्या रंगाचा कनेक्टर दिसला तर त्याला हात लावू नका, तो एअरबॅगच्या वायरिंगचा असतो.

कोल्हापूरला पण भाव विचारले, फरक पाच-सहाशेचा, पण बसवायला आणि पुढं काय झालं तर परत कोगनोळी नाका ओलांडून तिकडं कोण जाणार, म्हणून बेळगावातच घेतला. १२,५०० ला डबा. ज्या दुकानात घेतला तिथंच बसवून दिला, फिटिंग फुकट म्हणाले. इथंच गडबड झाली. दुकानाचं नाव लिहीत नाही, पण काय केलं ते सविस्तर लिहितो म्हणजे तुम्ही तुमच्या गाडीत बघून घ्याल.

पाऊण तासात काम उरकलं. लावून दाखवला, आवाज आला, मी खूष. घरी जाताना देसूरच्या पुढं रस्ता मोकळा मिळाला, अ‍ॅक्सिलेटर दाबला तर आवाजात बारीक कुंईंईं, गाडीचा वेग वाढेल तसा तो आवाज पण चढणार, वेग कमी झाला की उतरणार. गाणं बंद केलं तरी हाच. बाबा म्हणाले डास शिरलाय काय गाडीत. दुसऱ्या दिवशी दुकानात फोन केला तर म्हणाले डिझेल गाडीला असं असतंच, सवय होते. हे साफ चुकीचं आहे, कुठल्याच गाडीला असं असायला नको. तो अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो त्याचा) आवाज, अर्थिंग, म्हणजे गाडीच्या पत्र्याशी मायनसची जोडणी, कच्चं असलं किंवा सिग्नलची वायर आणि करंटची वायर एकत्र बांधून नेली की स्पीकरमध्ये शिरतो.

मग दोन आठवड्यांनी आम्ही लग्नाला रेल्वेनं पुण्याला गेलो, गाडी दोन दिवस खानापूर स्टेशनला उभी. पहाटे साडेचारला उतरलो, बाबा-आई सामानासकट, चावी फिरवली तर नुस्तं टक. बॅटरी पूर्ण उतरलेली. पावसाची भुरभुर, रिक्षा नाही, आईला गुडघ्याचा त्रास, तासभर तिथं थांबून एका टेंपोवाल्याकडनं जंप घेतला. त्या दिवशी खरंच राग आला. सबवूफरला तीन गोष्टी जोडायच्या असतात, बॅटरीचा प्लस, अर्थ, आणि एक बारीक रिमोट वायर जी त्याला सांगते की गाडी चालू झाली आता तू चालू हो. ह्यांनी ती रिमोट वायर सरळ प्लसलाच जोडून टाकलेली! म्हणजे गाडी बंद, चावी खिशात, तरी आतला अँप रात्रंदिवस जागा. आवाज नसताना पण असा अँप अर्धा-एक अँपिअर ओढत बसतो, ४८ तासांत २४ ते ४८ अँपिअर-तास, छोट्या गाडीची बॅटरी त्यात संपणारच.

पुढचं तर याहून वाईट. घरी येऊन बॉनेट उघडून बघितलं, बॅटरीच्या प्लसवरनं वायर निघालीय आणि फ्यूज कुठंच नाही. ती वायर आत नेलीय कुठनं, तर पुढच्या दाराच्या बिजागरीच्या फटीतनं. दार उघड-झाक करून दोन-अडीच आठवड्यांत वरचं प्लास्टिक चिरत आलेलं, आत चमकणारी तार दिसत होती. ती तार बॉडीच्या पत्र्याला लागली असती तर बॅटरी एका क्षणात काहीशे अँपिअर सोडते, वायर लालभडक होते, आणि ती वायर जाते कुठनं तर बाबा बसतात त्या सीटच्या पायाशी, कार्पेटखालनं. मी तिथंच बॅटरीवरनं वायर काढून टाकली आणि पुढचे चार दिवस गाडी गाण्याशिवाय चालवली. अजून पण तो विचार आला की पोटात कसंतरी होतं.

ह्यावरनं एकच गोष्ट कळकळीनं सांगतो. फ्यूज सबवूफरला वाचवायला नसतो, तो वायरीला वाचवायला असतो. म्हणून तो बॅटरीच्या जवळच पाहिजे, वीतभर-दीड वीत अंतरावर. सबवूफरच्या डब्यावर आधीच एक फ्यूज आहे म्हणून बॅटरीकडं नको असं कोण म्हणालं तर ऐकू नका, बॅटरी ते सीट ही चार-पाच मीटर वायर मग उघडीच राहिली की.

आता चांगल्या माणसाबद्दल. ऑफिसमधल्या एकानं सांगितलं की उद्यमबागच्या (बेळगावची कारखान्यांची वसाहत) बाजूला एक ऑटो इलेक्ट्रिशियन मिस्त्री आहेत, छोटं शेड, बोर्ड पण नाही, ट्रॅक्टर आणि टेंपोची वायरिंग करतात, गाडीच्या टेपचं काम ओळखीनं घेतात. गेलो. मिस्त्री कन्नड बोलणारे, मराठी पण येते, आमचं बोलणं निम्मं हिकडं निम्मं तिकडं. त्यांनी आधीचं काम बघितलं, शिव्या-बिव्या काय घातल्या नाहीत, नुस्तं ब्लेडनं वायर कापून टोक खरवडून मला दाखवलं, वरनं तांब्याचा रंग, आत पांढरं. म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. तसली वायर त्याच जाडीत अस्सल तांब्यापेक्षा कमी करंट नेते आणि लवकर तापते. मग सीटच्या बोल्टखाली लावलेला अर्थ काढला, तो सरळ रंगावरच आवळलेला, पत्र्याला टेकलाच नव्हता. तेव्हा ते म्हणाले, "अर्थ चलो इद्दर एल्ला चलो री." अर्थिंग चांगलं असलं की सगळं चांगलं. कुंईंईं कशामुळं होतं ते मला तिथंच कळलं.

मिस्त्रींनी सगळं नव्यानं केलं, साडेतीन तास लागले आणि मी स्टुलावर बसून सगळं बघितलं. अस्सल तांब्याची ८ गेजची वायर, बॅटरीपासनं एक वीत अंतरावर २० अँपिअरचा फ्यूज. हिशोब त्यांनी बोटावर मांडला, १०० वॅटचा अँप म्हणजे थोडं वाया जाणार धरून १३ व्होल्टला साधारण १० अँपिअर ओढणार, त्याच्यावर थोडी सोय ठेवून २०, आणि ८ गेजची वायर त्याहून कितीतरी जास्त पेलते. वायर आत न्यायला इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यात कंपनीनंच एक रबरी गुळी बसवलेली असते, तिच्यातनं जागा करून नेली, नवीन भोक पाडलं नाही. करंटची वायर डाव्या बाजूनं पायपट्टीखालनं, सिग्नलची मधनं गिअरच्या बाजूनं, दोन्ही लांब-लांब. अर्थसाठी सीटखालीच बॉडीचा पत्रा सँडपेपरनं चकचकीत होईपर्यंत घासला, रिंग टर्मिनल क्रिम्प करून बोल्ट आवळला, वरनं ग्रीस. अर्थची वायर फूटभर पण नाही.

माझ्या टेपला सबवूफरचं वेगळं आउटपुट नाही, कंपनीकडनं आलेल्या जुन्या टेपला बहुतेक नसतंच, तेव्हा नवीन टेप घ्यावा लागेल काय ही भीती होती. लागत नाही. ह्या सबवूफरला हाय लेव्हल इनपुट असतं, म्हणजे टेपच्या मागनं स्पीकरला जाणाऱ्या वायरींतनंच सिग्नल घेता येतो. आधीच्यांनी तिथं वायरी पिळून चिकटपट्टी गुंडाळलेली, उन्हाळ्यात ती डिंकासारखी सुटलेली. मिस्त्रींनी कथिल लावून वरनं हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) चढवली. रिमोट वायर फ्यूज बॉक्समध्ये चावी फिरवल्यावरच करंट येतो त्या जागी दिली. मग मीटर लावून दाखवलं, इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.१ व्होल्ट आणि सबवूफरच्या टोकाला १३.९. एवढाच फरक. चावी काढली की रिमोटच्या वायरीला शून्य. हे मला बघायला मिळालं ह्याचं समाधान वेगळंच होतं.

डबा आधी नुस्ता कार्पेटवर ठेवलेला, ब्रेक मारला की सरकायचा. जमिनीला स्क्रू मारायचा विचार कोण करत असेल तर थांबा, खालनं ब्रेकचे आणि डिझेलचे पाईप जातात. आमचं उद्यमबाग कशासाठी आहे, शेजारच्या शेडमधनं दोन एमएमच्या पत्र्याची पाटी कापून आणली, तिच्यावर चार बोल्ट वेल्ड करून घेतले, पाटी कार्पेटखाली सरकवली, बोल्ट कार्पेटमधनं वर काढले आणि रबरी बुश घालून डबा त्याच्यावर आवळला. पाटीचे १५० रुपये. डबा हलत नाही आणि बुशमुळं जमिनीपासनं जरासा वर राहतो, त्याचा फायदा पावसाळ्यात झाला.

वायर, फ्यूज, टर्मिनल सगळं मिळून १,६५०, मजुरी १,२००. मी मजुरी वाढवून देत होतो, घेतली नाही, चहा तेवढा घेतला.

आता आवाज. पहिल्या दिवशी मी सगळी बटणं वर करून बसलो आणि बाबांनी पाच मिनिटांत बंद करायला लावलं, म्हणाले हा पखवाज न्हवे, हे गोठ्याचं दार आपटल्यासारखं वाजतंय. त्यांचं बरोबर होतं. लो पास, म्हणजे ठरवलेल्या आकड्याच्या खालचेच सूर सबवूफरला देणारं बटण, १२० हर्ट्झला होता, म्हणजे गायकाच्या आवाजाचा खालचा भाग पण सबवूफरमधनं येत होता आणि माणूस डाव्या सीटखाली बसून गातोय असं वाटायचं. साधारण ८० हर्ट्झच्या खाली गेलं की कानाला आवाज कुठनं येतो ते कळत नाही, म्हणून ८०ला आणला. ४० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट साडेआठ मीटर लांब असते, गाडीपेक्षा दुप्पट, तिला डावं-उजवं काय असणार. मग फेजचं बटण, शून्य आणि १८०, सबवूफरचा पडदा दाराच्या स्पीकरबरोबर हलणार की उलटा ते ह्यानं ठरतं. हे बटण लोक बघतच नाहीत. मी ड्रायव्हर सीटवर बसलो, भावानं बटण वर-खाली केलं, शून्यला खर्ज पोकळ, १८०ला भरून आला, तिथंच ठेवलं. तुमच्या गाडीत उलटं असेल, ऐकूनच ठरवा. टेपवरचा बेस शून्यावर आणला कारण आता दाराच्या स्पीकरनं ते ओझं उचलायची गरज नाही, आणि बेस बूस्ट पूर्ण बंद. गेन, म्हणजे सबवूफर किती जोरात वाजणार ते बटण, अगदी शेवटी, रोज ज्या आवाजात ऐकतो त्या आवाजात अभंग लावून हळूहळू वाढवत नेला आणि सबवूफर वेगळा ऐकू यायला लागला तिथनं जरा मागं घेतला.

आणि मग धुमा आला. बाबा काय बोलले नाहीत, मांडीवर डावा हात पडायला लागला नुस्ता. पिरनवाडीपास्नं खानापूरपर्यंत तो हात थांबला नाही.

कमी काय आहे ते पण लिहितो. खूप खालचं, ४० हर्ट्झच्या खाली, हा डबा देत नाही, आठ इंची चपट्या पडद्याला तेवढी हवा ढकलता येत नाही. ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग लावलं तर छातीवर येत नाही. सिनेमातला स्फोट वगैरे पाहिजे असेल तर डिकीत मोठी पेटीच घ्या, ह्याच्यावर पैसे घालू नका. आवाज फार वाढवला तर एका ठिकाणानंतर तो आवळल्यासारखा वाजतो. आणि सबवूफर आल्यावर दाराच्या प्लास्टिकची खडखड जास्त कळायला लागली, त्यासाठी पुढच्या दोन दारांत बुटाइलचे डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर दाबणारे चिकट रबरी तुकडे) लावले, ते काम मी घरीच केलं, रविवार गेला. त्याचा फायदा मात्र नुस्ता बेसला न्हवे, गाडीच एकंदर शांत झाली, कणकुंबीच्या बाजूला मोठ्या पावसात पण बोलणं ऐकू येतं.

पावसाळ्याचं सांगायचं राहिलं. आमच्या तालुक्याचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, चार महिने चप्पल ओली, मॅट ओली, सीटखाली कायम ओल. सप्टेंबरात गणपती झाल्यावर सीट सरकवून बघितलं, डबा कोरडा, पण अर्थच्या बोल्टवर ग्रीस असून पण कडेला थोडा तांबूस गंज धरलेला. काढला, परत घासला, परत ग्रीस, दहा मिनिटांचं काम. कोकणाकडचे, चोर्ला-आंबोलीच्या अलीकडचे जे कोण असतील त्यांनी पावसाळा संपला की हे एकदा बघाच. बॅटरी त्यानंतर एकदा पण उतरली नाही, डिसेंबरात चार दिवस गाडी उभी होती तरी अर्ध्या चावीत चालू.

एकूण खर्च १५,५०० झाला, डॅम्पिंग शीट वेगळे. पहिल्यांदाच मिस्त्रींकडं गेलो असतो तर पैसे तेवढेच लागले असते, कारण फुकटच्या फिटिंगमध्ये जी वायर मिळाली ती शेवटी भंगारातच गेली. दुकानात घ्यायला गेलात तर गाडी त्यांच्या ताब्यात द्यायच्या आधी तीन प्रश्न विचारा, बॅटरीजवळ फ्यूज लावणार काय, वायर आत कुठनं नेणार, आणि रिमोट कुठं जोडणार. तिसऱ्या प्रश्नाला जो अडखळला त्याच्याकडं डबा तेवढा घ्या आणि फिटिंग दुसरीकडं करा.

माघी एकादशीच्या भजनाला मंडळातले दोन म्हातारे आमच्याच गाडीतनं आले. मागं बसलेले. गाणं लागलं तसं त्यातले एक पुढं वाकून बाबांना म्हणाले, "पखवाज कोण वाजवूलालाय रे हा?" बाबांनी सांगितलं, आणि म्हणाले, "थांब, पुढचा तुकडा ऐक, डावा हात ऐक त्याचा." गाडी दारात येऊन थांबली तरी तिघं उतरेनात, तो अभंग संपेपर्यंत मी इंजिन चालूच ठेवलं.